सात नंबरची तक्रार

मारुतीभाऊंना खोटं लिहिता येत नव्हतं, एवढाच काय तो त्यांचा दोष. पुढचं सगळं शिकल्यासवरल्या माणसांनी केलं, आणि त्यात पहिला नंबर अपेक्षाचा लागतो. हे दुसरं कुणी म्हणायच्या आधी ती स्वतःच म्हणते.

टाकव्याच्या रस्त्याला पत्र्याची जी लांबलचक शेड दिसते, ती कंपनी. तिला नाव आहे, पण गावात ते कुणी घेत नाही. 'कंपनीत हाय' म्हटलं की कळतं. आत बारा पॉवर प्रेस आहेत. खाली पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका बसतो आणि पत्र्याची गाडीच्या दाराची बिजागरी होते. तुकडा काढायचा, दुसरा पत्रा ठेवायचा. दिवसाला दोन-अडीच हजार वेळा हेच. हात आत राहू नये म्हणून प्रत्येक प्रेसच्या दोन्ही बाजूंना सेन्सर असतात. त्यांच्यामधून डोळ्यांना न दिसणारे किरण जातात, आणि हात त्या किरणांच्या आड आहे तोवर प्रेस खाली येत नाही. येऊ नये, असं म्हणू.

मशीनचं काही दुखलं-खुपलं तर लिहायला खांबाला सुतळीने बांधलेलं एक रजिस्टर होतं. हिरव्या कापडाची बांधणी, तेलकट बोटांनी काळी झालेली पानं. त्या रजिस्टरचा एक कायदा होता, जो कुठे लिहिलेला नव्हता: एका दुखण्याची एकच नोंद. कुणी तेच परत लिहिलं की जुना फोरमन सगळ्यांदेखत पान उलटून दाखवायचा, "वाचता येतंय न्हवं? मंग मागलं पान वाच की." त्यामुळे एकदा लिहिलं की माणूस गप बसायचा आणि दुरुस्तीची वाट बघायचा. वीस वर्षांत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अपेक्षाचं घर या रजिस्टरातल्या एका ओळीवर उभं आहे. ती पाचवीत असताना तिच्या वडिलांची, नथूची, दोन बोटं तीन नंबरच्या प्रेसमध्ये गेली. तेव्हा सेन्सर नव्हते. कंपनीने लगेच हात वर केले, माणूसच बेसावध होता म्हणाली. पण शेजारच्या मशीनवरच्या मारुतीभाऊंनी चारच दिवस आधी लिहून ठेवलं होतं, 'तीन नंबरचा क्लच सटकतो. पेडल न दाबता प्रेस पडते.' कुणी पान फाडायच्या आत त्यांनी रजिस्टर पिशवीत घालून वडगावला नेलं आणि त्या पानाच्या चार झेरॉक्स काढून आणल्या. त्या ओळीवर नथूला भरपाई मिळाली, गेटवर बसायचं काम मिळालं, आणि पोरगी बी.सी.एस. झाली. बौद्धवस्तीतल्या त्या घरी मारुतीभाऊ आले की अपेक्षाची आई रतनबाई साखर किती ते विचारत नसे, चमचाभर जास्तच घाली.

तर अशा या कंपनीत यंदा सॉफ्टवेअर आलं. बिजागऱ्या घेणारी पुण्याची मोठी गाडी कंपनी म्हणाली, तुमच्याकडे काय बिघडतं, किती दिवसांत दुरुस्त होतं, ते आम्हाला आमच्या खुर्चीत बसून दिसलं पाहिजे. मालकांनी मान डोलावली. सुहास सर नावाचे साहेब लोणावळ्यात राहायचे आणि भुशी धरणावरच्या पर्यटकांच्या गर्दीत गाडी अडकली म्हणून पावसाळ्यातले निम्मे सोमवार उशिरा यायचे. हे काम त्यांच्याकडे आलं, आणि त्यांच्याकडून जसंच्या तसं त्यांच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या अपेक्षाकडे आलं. खांबाखांबाला टॅब लागले. मशीन बिघडलं की टॅबवर लिहायचं. तक्रार मेन्टेनन्सच्या साहेबांकडे जाते, लिहिणाऱ्याला मोबाइलवर मेसेज येतो, गंभीर असेल तर शेडमधल्या मोठ्या स्क्रीनवर लाल आकडा पेटतो.

गौरी-गणपती बोळवले आणि टेस्टिंग सुरू झालं. टेस्टिंग म्हणजे सराव. लोकांचा हात बसावा म्हणून अपेक्षाने सूचनाफलकावर कागद लावला: 'सरावासाठी टॅबमध्ये कोणतीही खोटी तक्रार टाकावी. खऱ्या तक्रारी दसऱ्यापर्यंत रजिस्टरमध्येच लिहाव्यात.' खाली तिची सही. कंपनीच्या कागदावर तिची ही पहिलीच सही होती, म्हणून तिने जरा झोकात केली होती.

खोटं लिहायची अशी सरकारी परवानगी मिळाल्यावर काय विचारता! आमटीत बेडूक पोहतो, त्याला लाइफ जॅकेट द्यावं. पाच नंबरच्या प्रेसचं लग्न जमत नाही. शिफ्ट इन्चार्जला बायकोने घराबाहेर काढलं, दुरुस्ती करावी. दुपारच्या सुट्टीत टॅबभोवती हशा पिकायचा. अपेक्षालाही हसू यायचं. लोक टॅबला घाबरत नाहीत, याचा तिला आनंद होता.

मारुतीभाऊंची पाळी आली तेव्हा मागे तीसेक जण रांगेत होते.

"भाऊ, टाका कायतरी. खोटं चालतंय," ती म्हणाली.

"खोटं कशापाई? खरी हाय की माज्याकडं."

"काय झालं?"

"सात नंबरचा सेन्सर अधनंमधनं झोपतुया. परवा हात आत असताना निम्म्यापतुर आली खाली. वडला हात म्हनून बरं. बंद करून चालू केली की दोन दिस नीट चालती, मंग पुन्यांदा तेच."

त्यांच्या जाडजूड बोटाखाली टॅबवर एका वेळी तीन अक्षरं उमटायची, म्हणून अपेक्षाने स्वतःच लिहिलं. मशीन सात. सेन्सर मधूनमधून काम करत नाही. हात आत असताना प्रेस खाली येते. प्रकार: गंभीर.

"मेसेज यील म्हनलीवतीस," मारुतीभाऊंनी खिशातला मोबाइल काढून बघितला.

"आत्ता नाही यायचा. टेस्टिंगला मेसेज बंद ठेवलेत. दसऱ्याला लाइव्ह झालं की येतील."

"बरं बरं. पर नोंद झाली न्हवं?"

"झाली."

एवढाच शब्द. 'रजिस्टरातबी लिवा' हे दोन शब्द आणखी बोलायचे होते, पण मागचा माणूस घाई करत होता आणि तिच्या डोक्यात रांग होती. मारुतीभाऊ मशीनवर गेले. नोंद झाली होती, आणि एका दुखण्याची एकच नोंद. त्यांनी रजिस्टरला हात लावला नाही.

पुढच्या सोमवारी मालकांना सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. बेडूक आणि प्रेसचं लग्न मालकांना दाखवता येत नव्हतं. दाखवण्याजोगी तक्रार एकच होती, म्हणून सात नंबरची तक्रार भिंतीवर मोठी करून लावली. मालक म्हणाले, मराठीत पण चालतं, छान. मेन्टेनन्सचे राजेंद्र साहेब म्हणाले, याला फोटो जोडता येतो का? सुहास सर म्हणाले, गंभीर असेल तर लाल रंग येतो, बघा. पाच जण ती तक्रार वाचत बसले होते. सात नंबरचा सेन्सर खरंच बंद पडतो का, असं त्यातल्या एकानेही विचारलं नाही. अपेक्षानेही सांगितलं नाही. मालकांनी तिला नावाने हाक मारून शाबासकी दिली होती, आणि ती खुशीत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारला टेस्टिंग बंद करायचं ठरलं. तोवर दोनशे चौदा तक्रारी साठल्या होत्या.

"सगळं पूस," सुहास सर म्हणाले. "उद्या पूजेला स्क्रीनवर शून्य पाहिजे. पुण्याचे लोक पण बघणारेत."

"सर, त्यात सात नंबरची खरी आहे. ती तेवढी लाइव्हला घेऊ?"

"टेस्टिंगमधलं काहीही लाइव्हला न्यायचं नाही, हा नियम आहे. आणि खरी असेल तर परत टाकतील की."

नियम खराच होता, पुस्तकातही तसंच असतं. अपेक्षाने कॉलेजात शिकवल्याप्रमाणे आधी सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग सॉफ्टवेअरने विचारलं, खात्री आहे का? तिने 'होय' दाबलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. फक्त इथे काडी लावणारीला ओलं कुठे आहे ते माहीत होतं.

दसऱ्याला तिच्या घरी धम्मदिनाची गडबड. रतनबाई पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात गेली. अपेक्षाही पांढऱ्याच साडीत, पण आधी कंपनीत आली. बाराही प्रेसना झेंडूच्या माळा होत्या. टॅबना हळदकुंकू लागलं, स्क्रीनपुढे नारळ फुटला. स्क्रीनवर हिरव्या रंगात: गंभीर तक्रारी, शून्य. टाळ्या झाल्या. मग खांबाची सुतळी कापून रजिस्टर सोडवलं, त्यालाही एक माळ घातली आणि ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केलं.

मारुतीभाऊ धुवट कपड्यांत आले होते. त्यांनी तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घे बाय, सोन्यावानी ऱ्हा. आता मेसेज यील न्हवं?"

"येईल, भाऊ."

तिने मनाशी ठरवलं, उद्या सकाळी पहिलं काम हेच. आपणच टाकू सात नंबरची. उद्या सकाळी चाळीस जण पासवर्ड विसरून तिच्या टेबलापुढे उभे राहिले. परवा नेट गेलं. तेरवा पुण्याहून फोनवर फोन. विसरायला काही फार मोठं कारण लागत नाही. ती विसरली. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण नंतर तिने स्वतःला बरीच कारणं देऊन बघितली आणि त्यातलं एकही टिकलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी सव्वादहाला दणके थांबले.

बारातली एक प्रेस थांबली तर ऑफिसात कळत नाही. बाराही थांबल्या की शेड एकदम गप होते. ती पळत गेली तेव्हा सात नंबरपाशी माणसांचं कडं होतं आणि आतून मारुतीभाऊंचा आवाज येत होता. ते ओरडत नव्हते. ते सांगत होते, "बंद करा, आदी मशीन बंद करा." उजवा हात मनगटापासून गेला होता.

त्याच दुपारी सात नंबरला नवा सेन्सर बसला. महिनाभर न झालेलं काम तीन तासांत उरकलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण या घोड्याने पुरावाही नेला. जुना सेन्सर कुठे गेला, ते राजेंद्र साहेबांना सांगता येईना. स्क्रीनवर तेव्हाही हिरवं शून्यच होतं. अपेक्षाने विचारलं तर सुहास सर म्हणाले, अपघात म्हणजे तक्रार नव्हे, तो कॉलमच वेगळा आहे.

दिवाळी तोंडावर आली तसं कंपनीचं म्हणणं कागदावर उतरलं. दिवाळीच्या ऑर्डरची घाई होती. जास्त माल काढून जास्त पैसे मिळावेत म्हणून कामगाराने स्वतःच सेन्सर बंद केला. सेन्सरबद्दल रजिस्टरमध्ये तक्रार नाही, सॉफ्टवेअरमध्येही नाही. आणि सेन्सर मुद्दाम बंद करणाऱ्याला भरपाई बसत नाही. कामगाराचा हातही गेला आणि वर तो लबाडही ठरला, असा त्या कागदाचा अर्थ होता. खाली एका ओळीपुढे अपेक्षाच्या सहीची जागा: 'प्रणालीत मशीन सातची कोणतीही तक्रार आढळली नाही.'

"यात खोटं काय आहे?" सुहास सरांनी विचारलं. "आढळली का तुला?"

खोटं काहीच नव्हतं. तिने स्वतः पुसली होती, आढळेल कशी? ती म्हणाली, उद्या करते सही.

तळेगावच्या दवाखान्यात ती गेली तेव्हा मारुतीभाऊंची बायको कस्तुराबाई त्यांना डाव्या हाताने पेज प्यायला शिकवत होती. पेज गळ्याखाली कमी आणि सदऱ्यावर जास्त सांडत होती. पोरीला बघून त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

"साहेब येऊन गेलं. म्हनं मी सेन्सर बंद केला. मी, व्हय? बावीस वरसं झाली." त्यांनी डाव्या हाताने सदरा पुसला. "पर मला घोर न्हाई. तू लिवलीस न्हवं तवा? मेसेज तेवढा आला न्हाई बग अजून."

"बघते, भाऊ," ती म्हणाली. सांगायचं म्हणूनच ती तळेगावला गेली होती. कस्तुराबाईने तिच्यासाठी चहा मागवला, आणि तो न पिताच ती निघाली.

दिवाळी झाली आणि चौकशीला सरकारी निरीक्षक आले. बरे गृहस्थ होते, चेहऱ्यावरून तरी कुणाचे मिंधे वाटत नव्हते. अपेक्षाने सही केली नव्हती. तिने पेन ड्राइव्हवरची प्रत छापून त्यांच्यापुढे ठेवली. दोनशे चौदा तक्रारी, सोळा पानं. एकशे बत्तीसच्या पुढे तिने शाईने खूण केली होती.

निरीक्षकांनी चष्मा चढवला आणि माणूस वाचतो तसं खुणेच्या जरा वरून वाचायला लागले. एकशे एकतीस: आमटीतल्या बेडकाला प्रमोशन द्यावं. एकशे बत्तीस: मशीन सात, सेन्सर मधूनमधून काम करत नाही. एकशे तेहेतीस: राजेंद्र साहेबांच्या पोटाचा सेन्सर बिघडला आहे, भजी आत गेली तरी थांबत नाही.

त्यांना हसू आलं. त्यांनी ते आवरलं, पण आलं ते सगळ्यांनी पाहिलं.

"बाई, हे काय आहे?"

"टेस्टिंगच्या तक्रारी, साहेब. ही एकशे बत्तीस खरी आहे. मीच लिहून घेतली होती."

सुहास सरांनी एक कागद पुढे सरकवला. सूचनाफलकावरचा. 'सरावासाठी टॅबमध्ये कोणतीही खोटी तक्रार टाकावी.' खाली झोकदार सही.

"ही सही तुमचीच ना?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझीच. पण साहेब, मारुतीभाऊ खोटं लिहीत नाहीत. ते म्हणाले होते, खरी आहे माझ्याकडं."

"ते तुम्ही आता सांगताय." आवाजात कठोरपणा नव्हता. "दोनशे तेरा खोट्या आणि एक खरी. यातली खरी कुठली हे कागदावरून मी कसं ठरवू?"

ती राजेंद्र साहेबांकडे वळली. "तुम्ही वाचली होती. मालकांना दाखवताना भिंतीवर होती. फोटो जोडता येतो का विचारलंत तुम्ही."

राजेंद्र साहेब टेबलाकडे बघत होते. "हो, होती," ते म्हणाले. "पण तुम्ही नमुना म्हणून दाखवलीत ना? मला वाटलं, नमुना आहे."

तेही खरंच होतं. त्या खोलीत त्या दिवशी कुणीच धडधडीत खोटं बोललं नाही, आणि तरी सगळं मिळून खोटं उभं राहिलं. निरीक्षक म्हणाले, अहवाल सोमवारी पाठवतो, तोवर कंपनीच्या प्रणालीत रीतसर काही असेल तर कळवा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नथू ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. मारुतीभाऊ दवाखान्यातून घरी आले होते आणि त्यांचं भात कापायला आलं होतं. यंदा ते कापायला हा जाणार होता. तीन बोटांच्या हाताने त्याला विळा धरता यायचा, सवयीने. अपेक्षाने त्याला सगळं सांगितलं. रांग, भिंत, शाबासकी, 'होय'चं बटण, चाळीस पासवर्ड. काही वगळलं नाही. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती नुसती शरम.

नथूने विळा दगडावरून उचलला.

"माज्याजवळ पान व्हतं," तो म्हणाला. "त्यानं लिवलेलं. त्या पानावर तू शिकलीस. आन् त्याचं पान तू पुसलंस."

"व्हय."

"मंग परत लिव."

"आता काय लिवू, दादा? अपघात झाला. आन् एका दुखण्याची एकच नोंद म्हनता ना तुमी सगळे."

"त्यो फोरमनचा कायदा व्हता. फोरमन मरून धा वरसं झाली." त्याने विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. "तुज्याकडं पुसता न येनारं पान न्हाई का कुटं?"

तिला उत्तर माहीत होतं. तिनेच ते बसवलं होतं. टेस्टिंगमध्ये काहीही पुसता येतं. लाइव्हमध्ये एकदा गेलेली नोंद पुसता येत नाही, सुहास सरांनाही नाही, मालकांनाही नाही. फार तर बंद करता येते, आणि बंद करताना कारण लिहावं लागतं. आणि गंभीर असेल तर पुण्याच्या गाडी कंपनीला त्याच मिनिटाला दिसते. याच अटीवर तर सॉफ्टवेअर घेतलं होतं.

सकाळी नऊला ती टेबलाशी बसली आणि स्वतःच्या नावाने सॉफ्टवेअरमध्ये शिरली. मशीन: सात. प्रकार: गंभीर. तक्रार करणाऱ्याच्या जागी तिने मारुतीभाऊंचं नाव आणि मोबाइल नंबर घातला. मग लिहिलं:

'सेन्सर मधूनमधून काम करत नाही. हात आत असताना प्रेस खाली येते. ही तक्रार मशीनवरील कामगाराने अपघाताच्या महिनाभर आधी मला सांगितली. ती मी टेस्टिंगमध्ये लिहिली. खरी आहे हे मला माहीत होतं. मालकांसमोर ती भिंतीवर दाखवली गेली, तेव्हा पाच जण हजर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरी असल्याचं मी वरिष्ठांना सांगितलं, आणि त्यांनी सांगितल्यावरून ती मी माझ्या हाताने पुसली. लाइव्हमध्ये परत टाकायची राहिली. रजिस्टरमध्ये लिहा असं कामगाराला सांगायचंही माझ्याकडून राहिलं. नवव्या दिवशी त्याचा हात गेला. सेन्सर त्याने बंद केलेला नव्हता.'

खाली तिने आपलं नाव लिहिलं. अपेक्षा नथू ओव्हाळ. सॉफ्टवेअरने विचारलं, खात्री आहे का? नोंद नंतर काढता येणार नाही. तिने 'होय' दाबलं.

काचेतून शेड दिसत होती. मोठ्या स्क्रीनवरचं हिरवं शून्य गेलं आणि लाल एक आला. सात नंबरवरचा नवा माणूस मान वर करून बघत राहिला. त्याने पेडलवरचा पाय काढून घेतला. दोन मिनिटांत सुहास सरांच्या केबिनमधला फोन वाजायला लागला, तो वाजतच राहिला. त्यांचं दार उघडलं. ते तिच्याकडे चालत येत होते, आणि हातातला मोबाइल बघत बघत येत होते. आपली नोकरी गेली हे तिला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मारुतीभाऊ.

"बाय, आला बग!" मागे शेजारच्या खळ्यावर कुणीतरी भात झोडपत असल्याचा आवाज येत होता. "मेसेज आला. थांब, वाचतो. डाव्या हातानं जरा येळ लागतुया." मग ते एकेक अक्षर लावून वाचू लागले. "तुमची... तक्रार... नोंदवली आहे. चोवीस तासांत... दखल घेतली जाईल." ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे. "म्या कस्तुराला म्हनलंच व्हतं. पोरगी इसरायची न्हाई."

सुहास सर टेबलापाशी येऊन उभे होते. अपेक्षाने त्यांच्याकडे पाठ केली.

"इसरले, भाऊ," ती म्हणाली. "तुमची पयली तक्रार मी पुसली. माज्या हातानं. मंग परत टाकायला इसरले. आज टाकली. म्हनून आज आला मेसेज."

भात झोडपल्याचा आवाज येत राहिला. एक, दोन, तीन. ती मोजत राहिली. अकराव्याला मारुतीभाऊ बोलले, आणि आवाजातलं हसू गेलं होतं.

"ही तरी ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल. ही कुनालाच पुसता येत न्हाई."

"मला येळेवर पायजे व्हती, पोरी," ते म्हणाले, आणि फोन ठेवायला त्यांना बराच वेळ लागला, कारण बटण उजव्या बाजूला होतं.